ॲडमिशन रेट आणि आम्ही चौघं

साथीच्या दिवसांत आम्ही चौघं एका खोलीत बसून आकडे गोळा करायचो. आकड्यांबरोबर किस्से आपोआप यायचे. आकडे रोज संध्याकाळी वर पाठवले की आमची जबाबदारी संपायची. किस्से मात्र कुणी मागितलेच नाहीत, त्यामुळं ते आमच्याकडंच साठत गेले! आता कधी एकत्र भेटलो, चहा सांगितला, की एकजण सुरू करतो, "ते आठवतंय का..." आणि बाकीचे तिघं दमल्यासारखे हसतात. आठवतंय की. सगळंच आठवतंय, तोच तर त्रास आहे.

आधी ओळख करून देते. मी कांबळे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, राहते पेठ वडगावला, आईबरोबर. करोना आला, कॉलेज बंद झालं आणि "आकडे समजणारं माणूस पाहिजे" म्हणून एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मला ड्यूटी लागली. दारावर कागद चिकटवलेला : वॉर रूम. आत तीन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक फॅन, तो पण वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा.

आमच्या प्रमुख डॉ. माने मॅडम. दवाखान्यांना फोन करायला पोवार भाऊसाहेब, रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेले क्लार्क. आवाज असा, की फोन नसता तरी काम भागलं असतं! आणि टायपिंगला रेश्मा. ती नेसरीकडची, कर्नाटकाच्या सीमेजवळची, त्यामुळं मी तिची मॅडम कधी झालेच नाही, पहिल्या दिवसापासून 'अक्का'.

काम ऐकायला सोपं होतं. कुठल्या तालुक्यातले किती लोक दवाखान्यात दाखल झाले ते गोळा करायचं, तालुक्याच्या लोकसंख्येशी ताडून बघायचं आणि साथ कुठं वाढतेय, कुठं उतरतेय ते सांगायचं. याला म्हणतात ॲडमिशन रेट. वर्गात मी हे एका तासात शिकवून मोकळी व्हायचे. वॉर रूममध्ये शेवटच्या दिवसापर्यंत शिकतच होते.

* * *

सुरुवातीलाच माझ्या लक्षात आलं, की दर रविवारी दाखल होणारे एकदम कमी होतात. सगळ्या तालुक्यांत! सोमवारच्या पेपरात 'जिल्ह्याला दिलासा'. मंगळवारी आकडा उसळायचा, बुधवारच्या पेपरात 'पुन्हा उद्रेक'. लोक आठवडाभर घाबरायचे आणि सोमवारी परत दिलासा.

मी ग्राफ काढून माने मॅडमना दाखवला. मॅडमनी भाऊसाहेबांना फोन करायला सांगितलं. त्यांनी एका दवाखान्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काय ओ, रविवारी पेशंट येत न्हाईत का तुमच्याकडं?"

"येत्यात की! आज बी दारात लाईन हाय."

"मग आकडा का येत न्हाई?"

"आकडा भरणाऱ्या ताई रविवारी येत न्हाईत!"

म्हणजे रविवारी सुट्टीवर कोण होतं, ते कळलं. त्या ताईंवर तरी काय रागवायचं? आठवडाभर मास्क लावून खिडकीत बसणारी बाई, तिला एक दिवस घर नको?

मग आम्ही सात दिवसांची सरासरी काढून द्यायचं ठरवलं. एका बैठकीत मी ते समजावून सांगितलं. समोर एक मोठे साहेब होते. शांतपणे ऐकलं त्यांनी.

"म्हणजे रविवारी साथ कमी होत नाही?"

"नाही सर."

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्यांचेही डोळे लाल झालेले होते. मग म्हणाले, "मॅडम, सरासरी द्या तुम्ही. पण रविवारचा आकडा पण खाली छापलेला राहू दे. आठवड्यातनं एकदा तरी बरं वाटू दे की लोकांना!"

* * *

एक लहानसं गाव. नाव सांगत नाही, कारण गावातला तो माणूस अजून माझ्यावर चिडून असेल.

त्या गावातनं एक पेशंट दाखल झाला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आमच्या तक्त्यात गावापुढं वाढीचा टक्का आपोआप यायचा. एकाचे दोन झाले, म्हणजे वाढ शंभर टक्के! तक्ता कुणीतरी बाहेर दिला आणि एका लोकल चॅनेलवर खाली पट्टी फिरली, 'गावात रुग्णसंख्या दुप्पट'. शेजारच्या गावांनी लगेच रस्त्यावर काट्या टाकल्या. दूध घेणारी गाडी यायची थांबली.

दुपारी आमच्या फोनवर एक माणूस. दवाखान्याच्या बेडवरनं बोलत होता, धाप लागलेली, तरी आवाज चढलेला.

"कोण हाय ते आकडंवालं? द्या जरा त्यास्नी."

भाऊसाहेबांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाई, तुम्ही दुप्पट लिवलंय न्हवं?"

"हो, म्हणजे ते टक्केवारीत..."

"ती दुप्पट म्हणजे माझी बायको हाय! शेजारच्या वॉर्डात झोपलीया. आमच्या दोघांपायी आख्ख्या गावाचं दूध ओतून टाकाय लागलंय!"

मी माफी मागितली. त्या दिवसापासून अगदी कमी आकड्यांसमोर टक्का छापायचा नाही, असा नियम केला. संख्याशास्त्राच्या पुस्तकात तो नियम पहिल्यापासून आहे. मीच शिकवत होते!

* * *

कोल्हापूर शहराचा ॲडमिशन रेट सगळ्यात जास्त यायचा. शहरातले लोक वैतागायचे, "आम्हीच तेवढे आजारी पडतोय का?" आता मोठे दवाखाने सगळे शहरात, त्यामुळं पेशंट येणारच. म्हणून आम्ही दवाखाना कुठं आहे ते न बघता पेशंट राहतो कुठं ते बघायला लागलो. तरी शहर वरच!

मग रेश्मानं पत्ते चाळले आणि मला बोलावलं. "अक्का, ही एका घरातली किती माणसं बघा."

राजारामपुरीतला एक पत्ता. त्या एका घरातले अकरा पेशंट, वेगवेगळ्या दवाखान्यांत! आडनावं पण सहा-सात प्रकारची. हा तर मोठाच उद्रेक. माने मॅडमनी पथक काढलं. भाऊसाहेब आणि मीही गेलो. लांब उभं राहून बेल वाजवली. दार उघडलं एका म्हाताऱ्या गुरुजींनी. रिटायर होऊन जमाना झालेला, घरात एकटे, ताप नाही, खोकला नाही. खणखणीत!

"गुरुजी, तुमच्या घरातले अकराजण ॲडमिट आहेत."

"अकरा झाले?" गुरुजींना खरंच आश्चर्य वाटलं. "मला नऊच ठाऊक होते."

मग उलगडा झाला. कुणीतरी कुठंतरी उठवून दिलं होतं, की शहरातला पत्ता असला तर बेड लवकर मिळतो. गुरुजींनी अख्खी नोकरी खेड्यात केलेली. जुने विद्यार्थी, पाव्हणे, पाव्हण्यांचे पाव्हणे, कुणी सीमेपलीकडचे, सगळ्यांनी दवाखान्याच्या खिडकीत गुरुजींचा पत्ता सांगितला होता.

भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, असं करून कसं चालंल? आमचा सगळा हिशोब चुकला की ओ!"

गुरुजी म्हणाले, "पाढे पाठ करा म्हणून आयुष्यभर ओरडलो, एकानं केले नाहीत. पत्ता तेवढा सगळ्यांनी पाठ केला! आता नको कसं म्हणू?"

निघताना त्यांनी आम्हाला थांबवलं. आतनं वही आणली, पेन काढलं आणि विचारलं, "ते नवे दोघं कोण, तेवढं सांगा. चौकशी करायची राहिली माझी."

* * *

दुसऱ्या लाटेत वेगळाच घोळ. दाखल झालेल्यांची बेरीज जिल्ह्यातल्या बेडपेक्षा जास्त यायला लागली. हे कसं शक्य आहे? भाऊसाहेबांनी नावं घेऊन एकेकाला फोन सुरू केले. एक नाव तीन दवाखान्यांत होतं. गाव एक, वय एक, मोबाईल नंबर पण एक. गावच्या दवाखान्यातनं तालुक्याला पाठवलेला, तिथनं कोल्हापूरला. प्रत्येक ठिकाणी नवीन ॲडमिशन. म्हणजे आमच्या कागदावर तीन पेशंट.

भाऊसाहेबांनी नंबर लावला. माणूस बरा होऊन घरी आला होता.

"नमस्कार, वॉर रूममधनं बोलतोय. तुम्ही आमच्याकडं तीनदा दिसताय. तुमच्या नावाची तिघं हाईत का गावात?"

"न्हाई ओ, मी एकटाच."

"मग तीन का एक, काय धरू?"

तो म्हणाला, "एकच धरा साहेब. पर तिन्ही ठिकाणी निम्मा-निम्मा मेलतो, त्येबी कुठंतरी लिवा."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला. शेरा लिहायच्या रकान्यात काहीतरी लिहून दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, 'दुबार नोंद वगळली'.

* * *

एक आकडा मला पहिल्यापासून खटकत होता. दाखल होणाऱ्यांत बाया कमी. जवळजवळ सगळ्या तालुक्यांत, आणि खेड्यांत तर फारच. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "बायकांची प्रतिकारशक्तीच चांगली असते." सगळ्यांना ते पटलं पण!

माने मॅडमना पटलं नाही. त्यांनी मला बाया कितव्या दिवशी दाखल होतात ते बघायला सांगितलं. बघितलं, तर बाया उशिरा येत होत्या आणि येताना जास्त बिघडलेल्या अवस्थेत येत होत्या. कमी आजारी पडत होत्या असं कुठं दिसतच नव्हतं. रेश्मा टाईप करता करता म्हणाली, "अक्का, आमच्या गावात बाई ॲडमिट झाली तर धारा कोण काढणार? चूल कोण पेटवणार? मग ती म्हणती, मला काय झालंय!"

मी तसं टिपण लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. 'स्त्रियांचा कमी दर हा कमी आजाराचा पुरावा मानू नये.' मॅडमनी ते वर पाठवलं. मी खुशीत वडगावला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरत होते. आमच्या घरी आई रोज सकाळी बुद्धवंदना म्हणते, मोठ्यानं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. त्या दिवशी ती मधेच थांबली. परत सुरू केली, परत थांबली. मी वेणी घालत होते, हात तसाच राहिला. बाहेर येऊन बघते, तर आई फोटोसमोर भिंतीला टेकून बसलेली, ओठ हलताहेत पण शब्द येत नाहीत.

"आई, काय होतंय?"

"काय न्हाई गं. तू जा, उशीर हुतोय तुला."

अंगाला हात लावला तर चटका! ऑक्सिजन मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्येच होतं. बोटाला लावलं. आकडा आला. रोज शेकड्यानं आकडे बघणारी मी, त्या एका आकड्याकडं बघवेना.

ताप पाच दिवसांपासून होता! मी घरात असताना ती पदर डोक्यावरनं घेऊन बसायची, खोकला आला की मोरीत जाऊन नळ सोडायची. आणि मी त्याच घरातनं रोज जाऊन बायकांवर टिपण लिहीत होते.

तिला कोल्हापूरला दाखल केलं. संध्याकाळी रेश्मापुढं यादी आली. नाव वाचून ती उठली आणि खुर्ची मला दिली. माझ्या आईची नोंद मी माझ्या हातानं केली. स्त्री, वय एकसष्ट, तालुका हातकणंगले, ऑक्सिजनवर.

आई वाचली. बारा दिवसांनी घरी आली. पहिल्या दिवशी मी तिला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. "पाच दिवस सांगितलं का नाहीस? मी काय काम करते ते माहिती आहे ना तुला?"

आई पेज पीत होती. वाटी खाली ठेवून म्हणाली, "रोज घरी येऊन म्हणायचीस, आज बी वाढली. तुझं तोंड बघवत न्हवतं बघ. त्यात आणि माझी एकीची भर कशाला?"

* * *

लाट थोडी ओसरत होती आणि पूर आला. शिरोळ तालुक्याचा ॲडमिशन रेट तीन दिवसांत सपाट खाली! मी त्यातल्या कुरुंदवाडकडची रेषा बघितली, अहवालात 'लक्षणीय घट' असे दोन शब्द लिहिले आणि सही केली. मी दमले होते हे खरं. पण सही माझीच.

त्या दोन शब्दांवर दुसऱ्या दिवशी वर निर्णय झाला, की तिकडं घट आहे, तर त्यांच्या वाट्याचे काही ऑक्सिजन सिलिंडर दुसरीकडं वळवावेत. कागद आमच्याकडं माहितीसाठी आला.

भाऊसाहेबांनी कागद वाचला. त्यांची बहीण कुरुंदवाडला दिलेली. पूर आल्यापासून तिचा फोन लागत नव्हता, ते रोज जेवणाच्या सुट्टीत लावून बघायचे. त्या दिवशी नेमका लागला. स्पीकरवर टाकायची त्यांची सवय.

"तायडे, कुठं हाईस?"

"शाळंच्या वरच्या मजल्यावर हाय दादा. खाली पाणी हाय."

"बरी हाईस न्हवं?"

"मी बरी हाय. पर हितं चौघं-पाचजण निस्ती खोकत्यात. एक म्हातारा तर रातीपासनं बसूनच हाय, आडवं पडाय येत न्हाई त्येला."

"अगं मग दवाखान्यात न्या की!"

"कशातनं नेऊ? रस्ता कुठाय?"

मी माझा अहवाल पुढं ओढला. माणसं आजारी पडायची थांबली नव्हती, दवाखान्यापर्यंत पोचायची थांबली होती. ज्या रेषेला मी घट म्हणत होते, ती रस्त्यांची होती.

माने मॅडमनी सिलिंडरचा कागद उचलला आणि जिना चढून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागं मागं. मॅडम म्हणाल्या, "सर, आमची चूक झाली." माझी म्हणाल्या नाहीत, आमची म्हणाल्या. सिलिंडर थांबले. नंतर बोटीतनं एक डॉक्टर आणि काही सिलिंडर त्या शाळेपर्यंत गेले. बसून राहिलेला म्हातारा वाचला, भाऊसाहेबांच्या बहिणीनं नंतर सांगितलं. आणखी एक बाई मात्र बोट यायच्या आधीच गेली होती. ती आमच्या ॲडमिशन रेटमध्ये कुठंच नाही. ती दाखल झालीच नव्हती.

पाणी उतरलं, रस्ते सुटले आणि रेट एकदम वर चढला. पेपरात मथळा, 'पुरानंतर साथ वाढली!'

भाऊसाहेबांनी पेपर घडी घालून टेबलावर आपटला. "वाढली कुठली? आत्ता पोचली!"

* * *

शेवटी एकदा साथ उतरली. खरोखरची. रविवार नव्हता, पूर नव्हता, पत्ते बरोबर होते, सगळं चारदा तपासलं. एकेक कोविड सेंटर बंद होत गेलं. वॉर रूम बंद करायचा आदेश तयार होता, फक्त जिल्ह्यातल्या सेंटरांत एकही पेशंट उरलेला नाही असा अहवाल जायचा होता.

तो जाईना. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका गावात, शाळेच्या हॉस्टेलमध्ये एक सेंटर होतं. ते बंद होऊन कितीतरी आठवडे झालेले. तरी तिथनं रोज नेमानं आकडा यायचा : दाखल, एक.

"जुना मेसेज रोज पुढं ढकलत असणार," रेश्मा म्हणाली. मलाही तसंच वाटलं. फोन लागत नव्हता, डोंगरात रेंज कुठली. मॅडम म्हणाल्या, "जाऊन या आणि बंद करून या." मी आणि भाऊसाहेब सकाळी जीपनं निघालो.

हॉस्टेल रिकामं होतं. खाटा परत गेलेल्या, खोल्यांना कुलपं. गेटवर गावातल्या सिस्टर भेटल्या. मी जरा तावातच विचारलं, "सिस्टर, सेंटर बंद झालंय ना? मग रोज एक का भरता?"

"माणूस हाय की मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "मी न्हाई म्हणून कसं लिवू?"

व्हरांड्यात एका बाकावर एक आबा बसले होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, शेजारी कापडी पिशवी, तोंड बांधलेली. आम्हाला बघून उठले, बाकावरची धूळ हातानं झाडली. "या पावणं. बसा."

भाऊसाहेब त्यांच्या शेजारी बसले. "आबा, तब्येत कशी हाय?"

"मला काय झालंय? ठणठणीत हाय."

"जेवणाखाण्याचं?"

"ह्या सिस्टर देत्यात. मी झाडांस्नी पाणी घालतो."

"मग घरी का जात न्हाई?"

आबांनी गेटबाहेरच्या रस्त्याकडं बोट केलं. "आमी दोघं संगट आलतो. हौसाला दम लागला, तिला ॲम्ब्युलन्समधनं कोल्हापूरला नेलं. मला गाडीत घेतलं न्हाई. तिला म्हणलं, जाऊन ये, मी हितंच हाय."

मी फाईल उघडली. त्याच दिवशी त्या सेंटरमधनं कोल्हापूरला हलवलेली एकच बाई होती. नाव हौसाबाई. नावापुढचा शेवटचा, मृत्यूचा रकाना भरलेला होता. तारीखही होती. टायपिंग रेश्माचं, खाली सही माझी.

भाऊसाहेबांनी माझ्या हातातला कागद तिरक्या नजरेनं बघितला. त्यांचा तो सगळी इमारत हलवणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. अगदी हळू म्हणाले, "आबा, घरचं कुणी आलतं का भेटाय?"

"पोरगं आलतं की. दोनदा आलतं. सांगून गेलंय मला सगळं." आबांनी पिशवीची गाठ चाचपली. "लई रडलं. मीच गप केलं त्येला."

"मग आबा..."

"माहीत हाय ओ मला. पर मी तिला सांगून ठेवलंय न्हवं का, हितंच हाय म्हणून."

सिस्टरनी चहा आणला. आम्ही तिघं बाकावर बसून तो प्यायलो. आबांनी भाऊसाहेबांना त्यांचं गाव विचारलं, यंदा ऊस कसा आहे ते विचारलं. निघताना गेटपर्यंत सोडायला आले. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.

संध्याकाळी परत फिरलो. वॉर रूममध्ये पोचलो तर आवराआवर झालेली, फायलींना सुतळ्या बांधलेल्या, फॅनसुद्धा बंद. रेश्मा शेवटचा फॉर्म उघडून बसली होती.

"अक्का, डिस्चार्जची तारीख काय घालू?"

मी मॅडमना सगळं सांगितलं. टेबलावरचा फोन वाजायला लागला. वरचा असणार, अहवालासाठी. वाजून वाजून बंद झाला, परत वाजायला लागला.

"रेश्मा," मॅडम म्हणाल्या, "आजचा रिपोर्ट पाठवून दे."

"एक धरून?"

"एक धरून."